दिनविशेष : २८ एप्रिल

१८१९ : मद्रास फौजेच्या घोडदळातला अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीला निघाला आणि वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात त्याने खांबावरच्या चित्रातच आपले नाव आणि आजची तारीख कोरली. तेव्हा आत गाळ साचला होता, त्यावर उभा राहून त्याने हा उद्योग केला. म्हणून ते नाव आज डोक्याच्या वर दिसते. स्मिथच्या या येण्याला लेण्यांचा 'शोध' म्हणायची पद्धत पडली आहे. आसपासच्या गावकऱ्यांना लेणी ठाऊक होतीच! त्याच लेण्याच्या दर्शनी भागावर दोन हजार वर्षांपूर्वीचे दान नोंदवणारे नाव आहे, वासिठीपुत कटहादि. तो कोरण्याचा खर्च देऊन गेला, स्मिथ नुसतेच नाव.

१८४४ पासून चित्रकार रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १९८३ मध्ये अजिंठा आणि बौद्ध, हिंदू, जैन लेण्यांचे वेरूळ जागतिक वारसा यादीत आले.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या वाचकाला मात्र अशी लेणी पाहायला एवढ्या लांब जायला नको. बदलापूरहून कर्जतची लोकल पकडावी. तिथून पुढे राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी कोंडाण्याचे चैत्यगृह आहे, जवळजवळ अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याइतकेच प्राचीन. तिथल्या शिलालेखात कारागिराचे नाव आहे : कन्हाचा शिष्य बलक. आपल्या शेजारच्या कल्याणच्या दात्यांची नावे कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत सापडतात.