गाईच्या चित्रातला तलवारवाला

सातवीच्या तासाला आम्ही मुलांपुढे एका जुन्या चित्राची झेरॉक्स ठेवली. गाईच्या अंगभर देव काढलेले, आणि जनावराच्या तोंडाचा एकजण तलवार उपसून तिच्यावर चाल करून येतो आहे. चित्रातली अक्षरे आम्ही कागदाच्या पट्ट्यांनी झाकली होती. "हा कोण?" असे विचारताच मुले म्हणाली, "शैतान!" दुसरे उत्तर आले नाही.

पूर्वी मात्र दुसरे उत्तर आले होते. दयानंद सरस्वतींनी १८८२ साली गोरक्षिणी सभा स्थापन केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत अशा सभा उत्तर हिंदुस्थानात जागोजागी निघाल्या. तेव्हाच्या वायव्य प्रांतातील एका सभेचे सरकारी टिपण इतिहासकारांनी उजेडात आणले आहे. गाईचे चित्र स्टुलावर मांडले होते, त्याच्या प्रतीही वाटल्या. वासरू दूध पीत आहे, त्याच्यासमोर आपली पाळी येण्याची वाट पाहत एक बाई भांडे घेऊन बसली आहे. तिच्यावर शब्द होता 'हिंदू'. मागे कृष्ण, त्यावर 'धर्मराज'. पुढे तलवारवाला राक्षस, त्यावर 'कलियुग'. टिपणकार नोंदवतो की, या राक्षसाचा अर्थ लोक बहुतांशी मुसलमान असाच घेत.

म्हणजे तसवीर एक सांगते, तहरीर दुसरे आणि पाहणारा तिसरेच घेऊन घरी जातो! हा घोटाळा नव्हता, यातच त्या चित्राची ताकद होती असे आम्हांस वाटते. 'कलियुग' या शब्दावर कोण हरकत घेणार? पण शेजारची बाई 'हिंदू' ठरली की समोरच्याला जमात चिकटतेच. शिवाय पाहणाऱ्यांत वाचता येणारे थोडे. अक्षरांचा अर्थ वक्ताच सांगे. तो सत्ययुगाची गोष्ट सांगे, गाय ही साऱ्यांची आई म्हणे. उरलेले काम श्रोते करीत.

१८९३ च्या बकरी ईदला आझमगढ-बलिया भागात दंगली झाल्या, ऑगस्टात मुंबई पेटली. एका चित्राने दंगली झाल्या असे आम्ही म्हणत नाही. जमीनदारी, बाजार, मिरवणुकांचे तंटे अशी कारणे पुष्कळ होती. चित्राने त्या सगळ्या रागाला एक चेहरा दिला, तोही माणसाचा नव्हे.

आम्ही वर्गात दाखवलेले चित्र नंतरचे, रविवर्मा प्रेसचे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्याच मुलखातल्या शिळेवरून हे रंग उतरले, याची आठवण आपल्यापैकी किती जणांना आहे?

शेवटी आम्ही पट्ट्या काढल्या. मुलांनी अक्षरे लावून लावून वाचली. मग मागच्या बाकावरच्या एकाने वर्गातल्या 'अच्छा बच्चा' तक्त्याकडे बोट केले. त्यात गोरा, इस्त्रीच्या कपड्यांतला मुलगा आहे. "सर, उसपर भी पट्टी लगाओ ना," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या सदऱ्याला दोन बटणे नव्हती. आम्ही खुर्चीवर चढून पट्टी लावली.