केशकर्तनालये व ब्यूटी पार्लर : संसर्गनियंत्रण (जळगाव-धुळे)
खानदेशातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा घामट मानेवर फिरणारा एकच ओला टॉवेल नायटा पसरवायला पुरतो. वस्तऱ्याचा धोका अधिक गंभीर : बारीकशा कापातूनही ‘ब’ कावीळ लागू शकते, कारण तिचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस टिकतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हवेच. तुरटी रक्त थांबवते, पण भरवशाचे जंतुनाशक नव्हे. एकच खडा सर्वांच्या गालांवर फिरवू नये. भुवया कोरताना दोरा दातांत धरण्याऐवजी गळ्यात अडकवावा. कोविड टाळेबंदीनंतर २८ जून २०२० पासून महाराष्ट्रात सलून पुन्हा उघडली, तेव्हा प्रत्येक सेवेनंतर खुर्ची निर्जंतुक करणे बंधनकारक होते.