बाळाच्या नाळेचे रक्त : बँकेत ठेवावे की नाही?

घरात पाळणा हलणार म्हटले की हल्ली खर्चाच्या यादीत एक नवी गोष्ट आली आहे. दवाखान्यात पत्रक हातात पडते, मग फोन येतो, "बाळाच्या नाळेचे रक्त आमच्या बँकेत ठेवा, पुढे त्याच्याच कामाला येईल." प्रश्न हजारो रुपयांचा आहे. म्हणून यातले खरे काय ते आम्ही इथे थोडक्यात देत आहोत.

बाळ जन्मल्यावर नाळ कापतात. नाळेत आणि वारेत उरलेल्या रक्तात नवे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्यांनाच स्टेम सेल म्हणतात. हे रक्त साधारण ५० ते १०० मिलिलिटर निघते. ते घेताना आईला किंवा बाळाला काही दुखत नाही. मग पेशी वेगळ्या करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात.

याचा फायदा होतो, हे खरे आहे. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फँकोनी ॲनिमिया झालेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचे रक्त दिले. अशा प्रकारचा तो जगातला पहिला उपचार, आणि तो यशस्वी झाला. आज रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया अशा आजारांत हे रक्त वापरता येते.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या मुलाला स्वतःचे नव्हे, बहिणीचे रक्त कामी आले. थॅलेसेमियासारखा आजार जन्मजात असतो, त्यामुळे बाळाच्या स्वतःच्या नाळेतही तोच दोष असतो. म्हणजे आपलेच रक्त आपल्याला उपयोगी पडण्याची शक्यता फारच कमी. ऑटिझम, मधुमेह बरा होतो असे कुणी सांगत असेल, तर ते अजून सिद्ध झालेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही "पुढे लागेल" म्हणून खासगी बँकेत रक्त ठेवण्याची शिफारस करत नाही.

मग ठेवावे कधी? घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर धाकट्याच्या नाळेचे रक्त जरूर ठेवावे. सख्ख्या भावंडांचे पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. हे बाळंतपणाच्या बरेच आधी रक्तविकार तज्ज्ञांशी बोलून ठरवा.

बाकीच्यांनी हा खर्च केला नाही म्हणून आपण मुलाचे काही हिरावले, असे मनाला लावून घेऊ नका. त्यापेक्षा दोन कामे करा. लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्या. नात्यात लग्न झाले असेल तर नक्कीच. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजाराचा धोका २५ टक्के असतो. दुसरे, नाळ कापायची घाई नको, असे डॉक्टरांना सांगा. जागतिक आरोग्य संघटना निदान एक मिनिट थांबायला सांगते. तेवढ्या वेळात नाळेतले रक्त बाळाच्या अंगात जाते आणि पुढे लोह कमी पडत नाही. ही ठेव फुकट आहे.