नाळ

आमची आजी मुंबईला आली की चौथ्या दिवशी तिची चुळबूळ सुरू व्हायची. अजून राहा ना म्हटलं की म्हणायची, "अगं, माझी नाळ तिकडे पुरलीय." आम्ही हसायचो. नाळ ही खरंच पुरायची वस्तू आहे हे डोक्यातच यायचं नाही, आमच्या लेखी ती नुसती बोलायची पद्धत होती.

ती खरोखर पुरणारे लोक मला भेटले सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात. मिनेसोटातल्या मंडळींना हा बाजार माहीत आहेच. कारली, कोथिंबीर, गवती चहा आपण ज्यांच्याकडून घेतो, ते बहुतेक ह्मोंग. (पहिली दोन वर्षं मी त्यांना चिनी समजत होते.)

मूळचे ते दक्षिण चीनच्या डोंगरांतलेच. चिनी त्यांना मिआओ म्हणतात. बादशाही फौजांशी झगडून झगडून एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले बरेच जण व्हिएतनाम-लाओसच्या डोंगरांत सरकले. राज्य नाही, राजधानी नाही. कुळं मात्र अठरा, आणि आपल्या सगोत्रासारखंच एका कुळात लग्न चालत नाही. लिपीही नव्हती. आमचा ग्रंथ होता, पण नदी ओलांडताना हरवला, असं ते सांगतात.

मग आली अमेरिका. १९६२च्या जिनिव्हा करारानं लाओस तटस्थ ठरला, तिथे परक्या फौजा ठेवायच्या नाहीत असं ठरलं. उत्तर व्हिएतनामनं ते पाळलं नाही. अमेरिकेनं वेगळी वाट काढली: सीआयएनं १९६१पासूनच वांग पाओ या ह्मोंग सेनानीच्या हाताखाली डोंगरातली माणसं उभी केली होती, ती लढत राहिली. पाडलेल्या विमानांचे अमेरिकन वैमानिक सोडवून आणायचं कामही त्यांचंच. शेवटी शेवटी तर बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या हाती बंदुका आल्या. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. सरासरी काढली तर नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर ८ मिनिटांना एक विमानभर. याला म्हणे 'गुप्त युद्ध'! कोणापासून गुप्त? ज्यांच्या डोक्यावर पडत होते त्यांच्यापासून तर नक्कीच नाही.

मे १९७५मध्ये लाँग तिएंगच्या तळावरून वांग पाओ आणि अडीच हजारांच्या आसपास माणसं विमानानं बाहेर काढली. हजारो तशीच धावपट्टीवर राहिली. मग ती चालत निघाली. जंगलातून, सैनिकांना चुकवत मेकाँग नदीपर्यंत, आणि बांबूच्या मोळीवर किंवा टायरच्या ट्यूबवर पलीकडे थायलंडला. रडण्यानं सुगावा लागू नये म्हणून तान्ह्या बाळांना अफू द्यायचे. काही बाळं पुन्हा उठलीच नाहीत. हे लिहिताना हात थांबतो.

थायलंडमधल्या बान विनाई छावणीत ऐंशीच्या दशकात चाळीस हजारांवर लोक होते. शेती नाही, काम नाही. ह्मोंग बायकांचं भरतकाम पूर्वीपासून प्रसिद्ध, पण त्यात भौमितिक नक्षी असायची. छावणीत त्या माणसं भरायला लागल्या. विकायला म्हणून सुरुवात झाली खरी, पण भरलं काय? विमानं, जळणारी घरं, पाठीवर पोर घेतलेल्या आया, आणि मधोमध निळा पट्टा, मेकाँग. असा एक कपडा मी इथल्या ह्मोंग बाजारात टांगलेला पाहिला. आधी वाटलं लहान मुलांसाठी असेल, इतके रंग होते त्यात. जवळ गेले तर नदीत बुडणारी माणसं दिसली. ग्रंथ हरवलेल्यांनी इतिहास सुईनं लिहिला.

अमेरिकेनं या निर्वासितांना मुद्दाम विखरून ठेवलं, म्हणजे एकाच गावावर भार नको. यांनी काही वर्षांत आपापली कुळं शोधून पुन्हा गठ्ठे बांधले: फ्रेस्नो, सेंट पॉल, विस्कॉन्सिन. काही जण फ्रान्सच्या मदतीनं १९७७मध्ये थेट फ्रेंच गयानाच्या जंगलात गेले, आणि आज तिथली बरीचशी भाजी तेच पिकवतात. लाओसमध्ये जन्मलेली मी मुआ २००२मध्ये मिनेसोटाच्या सिनेटवर निवडून आली. टोकियोत २०२१ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक जिंकणारी सुनी ली सेंट पॉलचीच. पण सगळ्यांची गोष्ट अशी गोड नाही. डिसेंबर २००९मध्ये थायलंडनं चार हजारांहून जास्त ह्मोंग लोकांना परत लाओसला पाठवलं, त्यांची इच्छा नसताना.

आता नाळेकडे येते. ह्मोंग भाषेत वारेच्या नावाचा अर्थ बाळाचं वस्त्र असा होतो. रीत अशी, की मुलाची वार घराच्या मधल्या खांबाशी पुरायची, मुलीची आईवडिलांच्या पलंगाखाली. माणूस मेला की वाट दाखवणारा त्याच्या आत्म्याला गाऊन सांगतो: इथून निघ, त्याआधी जिथे राहिलास तिथे जा, मग त्याच्याही आधीच्या गावी. सेंट पॉल, बान विनाई, मेकाँग, लाओसमधली एकेक वस्ती, उलट्या क्रमानं. शेवटी जन्मघर. तिथे ते वस्त्र अंगावर घालायचं आणि मग पूर्वजांकडे जायचं.

आणि ज्यांचा जन्म इथल्या इस्पितळात झाला त्यांचं काय? अॅन फॅडिमन यांच्या १९९७च्या पुस्तकात आहे, की कॅलिफोर्नियात काही ह्मोंग बायकांनी वार घरी न्यायला मागितली. काही डॉक्टरांनी पिशवीत घालून दिली, बहुतेकांनी नाही म्हटलं. त्यांतल्या काहींना वाटलं, या बायका ती खाणार!

माझी लेक इथेच झाली. तिची वार कुठे गेली, हे मी विचारलंही नव्हतं.

काकू, आपल्या गावच्या घरी नाळ नेमकी कुठे पुरायचे? न्हाणीघरामागे की गोठ्याशी? आठवत असेल तर कळवा.