मोकाट घोडे आणि दत्तक घरे



'दत्तक' हा शब्द आपल्या इतिहासात वारसाहक्काच्या तंट्यांनी गाजलेला आहे. राजाने मूल दत्तक घ्यावे आणि कंपनी सरकारने ते नामंजूर करून राज्य खालसा करावे, हे साताऱ्यापासून झाशीपर्यंत आपण वाचीत आलो आहोत. आज ज्या दत्तकाची हकीकत मला सांगावयाची आहे, त्यात गादी नाही आणि वारसाही नाही. दत्तक जाणारा जीव चार पायांचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील मोकाट घोडे आणि गाढवे यांची ही कथा होय.

घोड्याचे मूळ घर उत्तर अमेरिकाच. परंतु सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तेथून नाहीसा झाला. १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर सोळा घोडे होते. पुढे स्पॅनिश वसाहतींतून सुटलेल्या आणि लोकांनी सोडून दिलेल्या घोड्यांचे कळप माळरानावर वाढले. गाढवांनी सोन्याचांदीच्या खाणींवर ओझी वाहिली. खाणी बंद पडल्या, आगगाडी आली आणि मालकांनी त्यांची दावी सोडून दिली.

विसाव्या शतकात या घोड्यांना किंमत आली, ती मांसाची. विमानांनी त्यांना हुसकावयाचे, ट्रकमध्ये कोंबावयाचे आणि कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी कापावयाचे, असा धंदा चालला. १९५० साली नेव्हाडातील व्हेल्मा जॉन्स्टन ही बाई मोटारीने कामावर जात असता तिला पुढील ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसले. तिने खाटीकखान्यापर्यंत ट्रकचा पाठलाग केला. त्या दिवसापासून या साध्या चिटणीस बाईने लढा मांडला. विरोधकांनी चेष्टेने तिला 'वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी' म्हटले. तिने ते नाव बिरुदासारखे मिरविले. १९५९ साली मोटारी व विमाने वापरून होणाऱ्या शिकारीस बंदी झाली. पुढे शाळकरी मुलांनी लोकप्रतिनिधींवर पत्रांचा पाऊस पाडला आणि १९७१ साली सरकारी जमिनीवरील मोकाट घोड्यागाढवांना पूर्ण संरक्षण देणारा कायदा एकमुखाने संमत झाला.

खरा प्रश्न येथून पुढेच उभा राहिला. कळप वाढू लागले, पण गायरान तेवढेच राहिले, आणि त्यावर पशुपालकांची गुरेही चरत होती. जास्तीची जनावरे न्यावयाची कोठे? कायद्याने वाट दाखविली, ती दत्तकाची. १९७३ साली मोंटानातील प्रायर डोंगरात आरंभ झाला आणि १९७६ पासून ही योजना देशभर पसरली. १९७८ च्या दुरुस्तीने ठरविले की, एका माणसाने वर्षाला चारच जनावरे घ्यावीत आणि एक वर्ष नीट सांभाळल्याखेरीज मालकी मिळू नये.

हे एक वर्ष फार महत्त्वाचे आहे. ज्याला मांस विकावयाचे आहे, त्याला वर्षभर दाणावैरण परवडत नाही.

माणसाने मनावर घेतले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण ग्रँड कॅन्यनचे. तेथील गाढवे गोळ्या घालून संपवावीत, असा उद्यान खात्याचा बेत होता. लेखक क्लीव्हलंड अ‍ॅमरी यांच्या संस्थेने १९७९ पासून दोन-अडीच वर्षांत ५७७ गाढवे हेलिकॉप्टरला टांगून दरीतून वर काढली. टेक्सासमध्ये एक पांजरपोळ उभारला आणि त्यांच्यासाठी घरे शोधली. कोलोरॅडोतील कॅन्यन सिटीच्या तुरुंगात १९८६ पासून कैदी असे घोडे माणसाळवू लागले. लगाम ओळखणाऱ्या घोड्याला घर लवकर मिळते.

पण उलट उदाहरणेही आहेत. १९८४ ते १९८८ या काळात सरकारने आकडा गाठण्यासाठी फी माफ केली आणि घोडे मोठ्या संख्येने एकेका इसमाच्या हवाली केले. असे सुमारे वीस हजार घोडे गेले. त्यांतील कित्येक वर्ष संपताच खाटीकखान्यात पोहोचले. शेवटी न्यायालयाला सांगावे लागले की, घेणाऱ्याचा हेतू धंद्याचा आहे हे ठाऊक असताना मालकी देता येणार नाही. तरीही २०१९ साली दत्तक घेणाऱ्यास प्रत्येक जनावरामागे हजार डॉलर देण्याची योजना निघाली. पैसे पदरात पडताच काहींनी जनावरे कत्तलीच्या बाजाराकडे वळविली, असे २०२१ मध्ये वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. २०२५ साली न्यायालयाने ती योजनाही रद्द केली.

गेल्या अर्धशतकात अडीच लाखांहून अधिक जनावरे या मार्गाने लोकांकडे गेली. त्यांतील पुष्कळांना खरोखरच घर मिळाले, हे मान्य केले पाहिजे. पण 'किती गेली?' हाच प्रश्न जेव्हा जेव्हा मोठा झाला, तेव्हा तेव्हा 'कोणाकडे गेली?' हा प्रश्न मागे पडला, आणि त्याची किंमत मुक्या जनावरांनी मोजली. वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी १९७७ साली वारली. तिने ट्रकचा पाठलाग केला, तो ट्रक कोठे जातो हे पाहण्यासाठी. दत्तक दिलेल्या जनावराच्या बाबतीतही तेवढीच चौकशी करावयाची असते.