बावीस अक्षरांचं घराणं

सिडनी ब्रेनर यांनी १९६३च्या सुमारास ठरवलं, की आता आपलं पुढचं काम एका सूत्रकृमीवर करायचं. टोमॅटो-डाळिंबाच्या मुळांवर गाठी धरणाऱ्या सूत्रकृमींशी आपल्या शेतकऱ्यांचं जुनं वैर आहे. ब्रेनर यांनी निवडलेला सी. एलिगन्स हा त्यांचाच भाऊबंद, पण निरुपद्रवी. सडक्या पाल्यात जिवाणू खाऊन राहतो, लांबीला जेमतेम एक मिलिमीटर, आणि अंगानं इतका पारदर्शक की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न् पेशी मोजता येते. बशीत जिवाणूंचा थर पसरून ठेवला की तीन-चार दिवसांत पुढची पिढी तयार. केंब्रिजमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मग बिघडलेले कृमी वेचण्याचा सपाटा सुरू झाला. कुणी सरपटायच्या ऐवजी गोल फिरतो, कुणी बुटका, कुणी लुळा. प्रत्येकाला एक क्रमांक, प्रत्येकाच्या नावानं एक बशी.

यातल्याच एकाचा क्रमांक होता ई ९१२. त्यातला बिघाड ज्या जनुकात होता, त्याला पुढे लिन-४ हे नाव मिळालं. हा कृमी वयात येतो, पण त्याच्या अंगातल्या कितीतरी पेशींना ते कळतच नाही. अळीच्या पहिल्या अवस्थेत त्या ज्या प्रकारे विभागतात, तेच विभाजन पुन्हा पुन्हा करत बसतात. योनिद्वार तयारच होत नाही. अंडी पोटात साठतात, तिथेच फुटतात आणि पिल्लं आईला आतून खाऊन बाहेर येतात. मायक्रोआरएनए नावाच्या रेणूंचं जे घराणं आज माणसापर्यंत पसरलेलं दिसतं, त्याचा मूळपुरुष सापडला तो या अभागी कृमीत. तेव्हा अर्थात हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ब्रेनर यांचे सहकारी जॉन सल्स्टन यांनी याच कृमीची पेशींची वंशावळ नजरेनं टिपली. फलित अंड्यापासून पूर्ण वाढ झालेल्या कृमीच्या शरीरातल्या ९५९ पेशींपर्यंत, कोण कुणापासून झाली याचा तो हिशेब. त्यामुळे ई ९१२मध्ये कोणती पेशी कोणत्या क्षणी वाट चुकते, हे नेमकं सांगता येऊ लागलं. सल्स्टन यांच्याबरोबर काम केलेले रॉबर्ट हॉर्व्हिट्झ पुढे अमेरिकेत एमआयटीला गेले, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे दोन तरुण संशोधक आले. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन. दोघांनी मिळून लिन-४ची एका दुसऱ्या जनुकाशी, लिन-१४शी, गाठ घालून दिली. लिन-१४ मोडलं की सगळं उलट होतं, कृमी बालपणीची पायरीच गाळतो. आणि दोन्ही जनुकं एकदम मोडली तर लिन-४चा दोष झाकला जातो. यावरून अंदाज सरळ होता: लिन-४चं काम लिन-१४ला वेळेवर गप्प करण्याचं.

गप्प करतं म्हणजे नेमकं काय करतं? त्या काळी उत्तर एकच सुचायचं. जनुक म्हणजे प्रथिनाची कृती, तेव्हा लिन-४ एखादं प्रथिन बनवत असणार आणि ते प्रथिन लिन-१४वर जाऊन बसत असणार. एमआयटी सोडल्यावर दोघांनी काम वाटून घेतलं. रव्हकन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या प्रयोगशाळेत लिन-१४च्या मागे लागले, अ‍ॅम्ब्रोस हार्वर्डमध्ये लिन-४च्या.

अ‍ॅम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेत हे खोदकाम प्रत्यक्ष केलं रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम यांनी. पद्धत कंटाळवाणी आणि चोख होती. निरोगी कृमीच्या डीएनएचे तुकडे करायचे, एकेक तुकडा दोषी कृमीत सोडायचा, आणि पिल्लं नीट वाढतात का बघायचं. तुकडा लहान लहान करत त्या दोघी सातशेहूनही कमी अक्षरांवर आल्या, तरी कृमी बरा होतच होता. एवढ्याशा जागेत प्रथिनाची कृती मावायची कशी? मावलीच असेल तर तिच्यात मुद्दाम घोळ घालून पाहावा, म्हणून वाचनाची चौकट बिघडवणारी अक्षरं त्यांनी तुकड्यात घुसवली. तरीही कृमी ठणठणीत. म्हणजे इथे प्रथिन नव्हतंच. शेवटी आरएनए जेलवर, म्हणजे रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, चालवून पाहिला, तेव्हा तळाशी, जिथे एरवी मोडतोड झालेल्या आरएनएचा कचरा जमतो तिथे, दोन पट्टे उमटले. एक साधारण ६१ अक्षरांचा आणि दुसरा २२ अक्षरांचा.

मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जेलच्या तळाकडे कुणी बघत नसे. बरेच जण तर तो भाग जेलवरून वाहून जाऊ देत. जगभरच्या प्रयोगशाळांतून हे रेणू रोज हाताखालून जात होते, पण ज्या चाळणीनं सगळे चाळत होते तिची भोकंच मोठी होती.

दरम्यान रव्हकन यांच्याकडे ब्रूस वाइटमन आणि इल्हो हा यांना दुसरं टोक सापडलं होतं. लिन-१४चा संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकावरून उतरवलेली आणि प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेकडे जाणारी नक्कल, पेशीत जशीच्या तशी असायची, पण तिच्यावरून बनणारं प्रथिन मात्र ठरलेल्या वेळी नाहीसं व्हायचं. काही दोषी कृमींमध्ये ते नाहीसं होत नसे, आणि या कृमींत त्या नकलेचं शेपूट, प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरचा भाग, तुटलेलं असे. १९९२च्या जूनमध्ये दोन्ही प्रयोगशाळांनी आपापली अक्षरं एकमेकांना कळवली. लिन-४ची बावीस अक्षरं लिन-१४च्या शेपटात सात ठिकाणी उलट बाजूनं जुळत होती. जुळणी तंतोतंत नव्हती, मध्ये मध्ये फुगवटे होते, पण योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी ती मुळीच नव्हती. डिसेंबर १९९३मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दोन निबंध लागोपाठ छापून आले. पहिल्या निबंधावर नावांचा क्रम होता ली, फाइनबॉम, अ‍ॅम्ब्रोस. हार्वर्डमध्ये अ‍ॅम्ब्रोस यांना कायमची नेमणूक मिळाली नव्हती आणि तोवर ते डार्टमथला गेले होते.

आणि मग? मग काही नाही. सात वर्षं ही गोष्ट कृमीवाल्यांच्या घरातली गंमत म्हणून राहिली. लिन-४ सूत्रकृमींबाहेर कुणाला सापडेना.

पुढे २०००च्या सुरुवातीला रव्हकन यांच्याच गटानं कृमीत दुसरा तसाच रेणू शोधला. हा २१ अक्षरांचा, नाव लेट-७. ‘लेट’ म्हणजे प्राणघातक बिघाड दाखवणारं जनुक. याच वेळी माशीच्या आणि माणसाच्या जीनोमची अक्षरं एकामागून एक जाहीर होत होती. त्यांत लेट-७चा मजकूर शोधला तर तो जसाच्या तसा हजर. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एमी पास्क्विनेली आणि सहकाऱ्यांनी तो माणसासकट मासे, माश्या, गोगलगायीच्या जातकुळीतले प्राणी अशा अनेकांत दाखवून दिला. कोट्यवधी वर्षं एकही अक्षर न बदलता राहिलेला मजकूर कचरा असू शकत नाही. ऑक्टोबर २००१मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात तीन गटांचे निबंध आले: गॉटिंगेनचा थॉमस टुश्ल यांचा, एमआयटीच्या परिसरातला डेव्हिड बार्टेल यांचा, आणि अ‍ॅम्ब्रोस-ली यांचा. शंभरच्या आसपास नवी भावंडं एकदम प्रकाशात आली आणि ‘मायक्रोआरएनए’ हे नाव रूढ झालं.

या कुळाची एक चुलत शाखाही आहे. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८मध्ये याच कृमीत दाखवलेला आरएनए-हस्तक्षेप. तोही अशाच आखूड तुकड्यांवर चालतो, हत्यारंही तीच वापरतो. चुलत शाखेला नोबेल मिळालं २००६मध्ये. थोरल्या पातीला, म्हणजे अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकन यांना, २०२४मध्ये. नोबेलच्या अधिकृत खात्यावरून अभिनंदन करताना रोझलिंड ली या त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका आणि अ‍ॅम्ब्रोस यांच्या पत्नी असल्याचा उल्लेख झाला, आणि त्यांना पारितोषिकात जागा का नाही यावर बरीच चर्चा झडली. चर्चा व्हायला हवीच होती.

हे रेणू तयार कसे होतात, तेही आता पक्कं कळलेलं आहे. जनुकावरून आधी एक लांब आरएनए उतरतो आणि केसाच्या पिनेसारखा स्वतःवरच दुमडतो. पेशीच्या केंद्रकात ड्रोशा नावाचं विकर ही पीन कापून मोकळी करतं. ती केंद्रकाबाहेर येते, तिथे डायसर नावाचं दुसरं विकर तिचा वाकडा भाग छाटतं. उरलेल्या जोडीपैकी एक धागा आर्गोनॉट या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतो. पुढचं सगळं काम आर्गोनॉटचं. मायक्रोआरएनए फक्त पत्ता सांगतो. त्यातही खरा पत्ता दुसऱ्या ते आठव्या अक्षरांत असतो. ही सात अक्षरं एखाद्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाशी जुळली की त्याचं वाचन मंदावतं आणि तो लवकर मोडीत निघतो. सातच अक्षरं जुळायची असल्यामुळे एका मायक्रोआरएनएची शेकडो गिऱ्हाइकं असू शकतात. माणसाच्या प्रथिन बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या ताब्यात येत असावीत, असा हिशेब आहे. ताबा म्हटलं तरी तो हलकाच. वृत्तपत्रांत ‘जनुक बंद करणारा स्विच’ असं छापून येतं, ते मला पटत नाही. बहुतेक प्रथिनांचं प्रमाण यामुळे थोडंसंच उतरतं, निम्म्यावर क्वचितच येतं. पण असा थोडा थोडा उतार अनेक ठिकाणी एकदम झाला, की पेशीचं वागणं बदलतं.

आजाराशी पहिली गाठ पडली ती रक्ताच्या कर्करोगात. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा पाश्चात्त्य देशांत उतारवयात सर्रास दिसणारा, आपल्याकडे त्या मानानं कमी आढळणारा प्रकार. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रोगी पेशींत १३व्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कर्करोगाला आवर घालणारं काहीतरी असणार म्हणून वर्षानुवर्षं शोध चालू होता. प्रथिनाची कृती असलेली जनुकं सापडायची, तपासली जायची आणि निर्दोष सुटायची. फिलाडेल्फियात कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांनी गळालेला भाग आवळत आवळत तीस हजार अक्षरांवर आणला. २००२मध्ये त्यांनी जाहीर केलं, की त्या भागात मिर-१५ आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए आहेत, आणि बहुतेक रुग्णांत ते घटलेले किंवा नाहीसेच झालेले आहेत. इथेही चूक तीच, मोठं शोधण्याची. पुढे २००५मध्ये कळलं की हे दोघं बीसीएल-२ या प्रथिनाला लगाम घालतात. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. लगाम सुटला की म्हाताऱ्या पेशी मरायच्या थांबतात आणि रक्तात साठत जातात. याच प्रथिनाला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध आज या आजारात दिलं जातं. ते मायक्रोआरएनएच्या अभ्यासातून आलेलं नाही, पण दोघांचं लक्ष्य एकच.

मग रांगच लागली. कृमीतला तो लेट-७ माणसात रास या कुप्रसिद्ध कर्करोग-जनुकाला आवरतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात तो बऱ्याचदा कमी झालेला असतो. स्पेनमधल्या दोन कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आलेलं, वयाबरोबर वाढणारं बहिरेपण मिर-९६च्या पत्त्यातल्या एका अक्षराच्या फरकानं होतं, हे २००९मध्ये सिद्ध झालं. यकृतातला मिर-१२२ तर उलटाच निघाला. हेपटायटिस-सी विषाणू त्याला आपल्या आरएनएला चिकटवून घेतो आणि त्याच्याच आडोशानं वाढतो. मिर-१२२ला बांधून ठेवणारं मिराव्हर्सन हे औषध रुग्णांना देऊन पाहिलं, विषाणू घटलाही. पण तेवढ्यात थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या बाजारात आल्या आणि याची गरज उरली नाही. कर्करोगासाठी मिर-३४ची नक्कल शिरेतून द्यायचा प्रयोग तर २०१६मध्ये थांबवावा लागला. प्रतिकारशक्ती भडकून काही रुग्ण दगावले. शेकडो गिऱ्हाइकं असलेल्या रेणूचा डोस वाढवला की त्यातली नको असलेली गिऱ्हाइकंही जागी होतात, आणि औषधाचा तुकडा नेमक्या अवयवात पोचवणं हे वेगळंच दुखणं.

उपयोग झाला आहे तो निदानात, आणि तोही मायक्रोआरएनएच्या नव्हे, तर तो छाटणाऱ्या डायसरच्या बाबतीत. अगदी लहान मुलांच्या फुप्फुसात होणारी प्ल्युरोपल्मोनरी ब्लास्टोमा नावाची एक दुर्मीळ गाठ आहे. ती झालेल्या कुटुंबांत डायसर-१ या जनुकाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते, हे २००९मध्ये उघड झालं. आता एका मुलात अशी गाठ निघाली की घरातल्या इतरांचीही जनुकतपासणी करतात. ज्या बाळात तोच दोष सापडतो, त्याच्या छातीचा सीटी स्कॅन पहिल्या काही महिन्यांतच काढतात, कारण गाठ हवेनं भरलेल्या फुग्याच्या अवस्थेत असताना काढली तर मूल वाचण्याची शक्यता खूप जास्त असते.