उखळाशेजारची ओवी

कवितेचा आरंभ कोठे होतो, हे पंडितांनी बहुधा ग्रंथांत शोधले. आमची शाळा चौथीतच सुटली. त्यामुळे आम्ही तो हातात, कानात आणि नाकात शोधतो, एवढे सांगून विषयाकडे वळतो.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. राजाच्या ग्रंथात मुसळ शिरले ते असे! ज्ञानेश्वरीच्या (१२९०) आधीची ही नोंद देवळातली नाही, सभेतलीही नाही. ती उखळाशेजारची आहे.

कांडण असो की दळण, सारी इंद्रिये त्यात गुंतलेली. पहाटेच्या काळोखात डोळ्यांना काम कमी, म्हणून कान तिखट होतो. जात्यात घास पडला की घरघर जाड होते. घास सरला की दगडावर दगड वाजू लागतो. तळहाताला खुंट्याचा गुळगुळीतपणा, नाकाला ताज्या पिठाचा ऊन वास. फेरी पुरी होते तेथे श्वासाला जागा मिळते आणि तेथेच शब्द टेकतो. दळणारीने मात्रा बोटांवर मोजल्या नाहीत, दंडाने मोजल्या. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा केल्या. पुढे १९८० नंतर हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नाने लाखाहून अधिक जमल्या.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. शेत, चूल, जाते सांभाळता सांभाळता त्यांनी गाणी रचली. पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी ती उतरून घेतली नसती तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. सुगरणीचा खोपा बहिणाबाईंना कोणा उपमाकोशात सापडला नाही; तो झाडाला टांगलेला होता.

आता आमची फजिती. यंत्रमाग कामगारांत आम्ही तीस वर्षे काम करीत आहो. एका संपात आम्हीही कविता केल्या. त्यांत पहाट होती, बेड्या होत्या, मशाल तर ओळीओळीला. आमच्या पेठेतील एकही वस्तू नव्हती. द्वारसभेत त्या वाचल्या, तेव्हा कांड्या भरणारी एक बाई म्हणाली, "भाऊ, मशाल कुठं बघितली वो तुम्ही?" आम्ही रागावलो. उत्तर मात्र सुचेना. पुष्कळ दिवसांनी आम्ही तिलाच विचारले, तुला काय ऐकू येते? ती म्हणाली, "रात्री एकदम सामसूम झाली की मी दचकून उठते. वाटतं, वीज गेली, आजची मजुरी बुडाली." आमच्या चार वह्यांत हे एवढेसुद्धा नव्हते. वह्या माळ्यावर गेल्या.

तेव्हापासून रविवारी संघटनेच्या कचेरीत आम्ही जमतो. प्रत्येकाने आधी एक आवाज किंवा एक वास सांगावयाचा, घोषणा नंतर. घाई एवढ्यासाठी की मागाच्या खडखडाटात कान जातात; अशा बहिरेपणाला कायदाही धंद्याचा रोग मानतो. परवा एक वृद्ध मागवाले आले. त्यांना उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. धोट्याचा ठोका त्यांनी बोटांनी टेबलावर वाजवून दाखविला. तो लिहावा कसा, यावर वाद चालला असतानाच कचेरी बंद करण्याची वेळ झाली.